चालू कुठं, डॉक्टरसाहेब?

गेल्या महिन्यात नातीच्या प्रवेशाच्या कामानिमित्त पुण्याला जाण्याचा योग आला. धाराशिवहून रात्रीची एस.टी. धरली. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करीत स्वारगेटला उतरलो तेव्हा दोन्ही पायांचे घोटे सुजले होते. रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसले की वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी असेच व्हायचे. लांबच्या प्रवासात पावले वरखाली हलवीत राहा, गाडी थांबली की खाली उतरून चार पावले टाका, असे मी रुग्णांना नेहमी सांगतो. स्वतः मात्र एकदाही उतरलो नाही. टेंभुर्णीला तर घोरत होतो, असे नातीने नंतर सांगितले. डॉक्टरांचे सल्ले दुसऱ्यांसाठी असतात, हे वाचकांना ठाऊक आहेच.

गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पोहोचलो. खिडकीसमोरची रांग पाहून नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही इथे ताटकळू नका. तिकडे बागेत बसा. झालं की मी फोन करते." मी बसायचे म्हणून निघालो आणि चालतच राहिलो.

ज्यांनी ही जागा पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विद्यापीठाची मुख्य इमारत काळ्या-करड्या दगडाची, कमानींच्या ओळी असलेली, आणि एका अंगाला उंच चौकोनी मनोरा. पुढे हिरवळ, आखीव वाटा, फुलांचे वाफे. तिथून बाजूला वळले की जुने वड, त्यांच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्या आणि खाली दाट सावली. घर इटालियन धर्तीचे आणि बागही त्याच घराला साजेशी. कोपऱ्याकोपऱ्याला विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या जोड्या बसलेल्या. बागेला कोणी प्रेमाची बाग म्हटले तर वावगे नाही. त्यांची नाडी काही मी मोजली नाही; स्वतःची मोजली. निघताना ९२ होती. चालून झाल्यावर एका वडाखाली दहा मिनिटे टेकलो आणि पुन्हा मोजली, ७६. घड्याळ पाहिले तर चाळीस मिनिटे चाललो होतो. गावात वीस मिनिटे चालायचे म्हटले तरी मला आठ दिवस आधी ठरवावे लागते.

तिथे फिरायला आलेले पुणेकरही दिसले. त्यांत माझ्याच वयाच्या तिघी बायका होत्या. कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर खोचलेला, हात हलवीत, सुनांच्या तक्रारी करीत भराभर चालल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते. त्यांना पाहिले आणि मला माझ्या एका रुग्णबाईंची आठवण झाली. ती आठवण सुखाची नाही. हा लेख त्यांच्यामुळेच लिहितो आहे.

बाई धाराशिवच्याच. शिवणकामावर संसार ओढतात. वय पंचावन्नच्या आसपास. मधुमेह निघून आठ वर्षे झाली. मी पहिल्या चिठ्ठीपासून खाली ठरलेली ओळ लिहीत आलो: रोज पाऊण तास भरभर चालणे. पहिल्याच वर्षी त्यांनी मला विचारले होते, "डॉक्टरसाहेब, चाला म्हंता, पण चालू कुठं? गल्लीत चाललं की कुत्री मागं लागत्यात, अन् रस्त्यावर चाललं की लोक इचारत्यात, कुठं निघालीस म्हणून." मी हसलो आणि म्हणालो, "कुठंही चाला बाई, पाय आपलेच आहेत."

त्यांनी माझे ऐकले. जाऊबाईंना सोबत घेऊन भल्या पहाटे, कोणी पाहायच्या आत, बाहेरच्या मोठ्या रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. सहा महिन्यांत साखर उतरली, एक गोळी कमी केली. मी खूश, त्या खूश. एके दिवशी अंधारात दिवा नसलेली मोटारसायकल मागून आली. जाऊबाई वाचल्या, यांची नडगी मोडली. तीन महिने खाटेवर. त्यानंतर चालणे सुटले ते सुटलेच, वजन वाढले, साखर पुन्हा चढली. गेल्या हिवाळ्यात चपलेचा पट्टा घासून फोड आला, तो पायाला बधिरपणा असल्याने कळला नाही, चिघळला आणि सोलापूरला नेऊन अंगठ्याशेजारचे बोट काढावे लागले. माझ्या चिठ्ठीवर गोळीचे नाव असते, मात्रा असते, जेवणाआधी की नंतर हेही असते. चालण्याचे औषध कोणत्या दुकानात मिळते ते मात्र मी आठ वर्षांत लिहिले नव्हते.

आता ही बाग कोणासाठी केली होती ते पाहा. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर हिवाळ्यात मुंबईत, उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यात राहत. या पावसाळी मुक्कामासाठी सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ साली गणेशखिंडीतल्या मोकळ्या माळावर हे घर बांधायला घेतले आणि १८७१ साली ते पुरे झाले. जेम्स ट्रबशॉ नावाच्या वास्तुविशारदाने आराखडा केला. नमुना होता राणी व्हिक्टोरियाच्या ऑसबॉर्न हाऊसचा. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर राणी आणि तिचा पती प्रिन्स आल्बर्ट यांनी १८४५ ते १८५१ या काळात ते बांधले. तिथला समुद्र पाहून आल्बर्टला इटलीतल्या नेपल्सच्या उपसागराची आठवण होई, म्हणून घर आणि बाग इटालियन धर्तीची. म्हणजे इटलीची नक्कल इंग्लंडात आणि इंग्लंडातल्या नकलेची नक्कल पुण्यात! गणेशखिंडीचा खर्च इतका फुगला की विलायतेतही त्यावर टीका झाली.

या इटालियन बागांचे मूळ आमच्या वैद्यकाशी जोडलेले आहे. रोमच्या भोवतालच्या सखल, दलदलीच्या प्रदेशात उन्हाळ्यात तापाचा कहर असे. ज्यांना परवडे ते सरदार आणि धर्माधिकारी डोंगरउतारावर घरे बांधून तिकडे जात. तिवोलीची प्रसिद्ध बाग सोळाव्या शतकात अशाच एका कार्डिनलने करविली. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी जमीन, कातरलेल्या झुडपांच्या भिंती, कारंजी, दगडी आसने, हा सगळा थाट उंचावरच्या थंड जागेतला. खालची हवा वाईट म्हणून ताप येतो, अशी सर्वांची खात्री होती. 'मलेरिया' हा शब्दच इटालियन आहे आणि त्याचा अर्थ 'वाईट हवा'. गव्हर्नरसाहेबांना शहराबाहेर, उंच, झाडीच्या जागी नेणाऱ्यांच्या डोक्यातही हवेचा हाच विचार होता. त्या काळी परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने वारली, आणि पुढे १८९९ साली त्याच बंगल्यात हाफकिन यांची प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली.

हवेचा सिद्धांत खोटा ठरला तो १८९७ साली. २० ऑगस्टला रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे शोध आपल्याच राज्यात लागला म्हणायचा. बागेतल्या कारंज्याच्या साचलेल्या पाण्यात तेच डास वाढतात, हे रोमच्या कार्डिनलांना कोण सांगणार!

पण १८९७ हे साल पुण्याला वेगळ्या कारणाने आठवते. शहरात प्लेग होता. फेब्रुवारीत रँडची नेमणूक झाली, गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून माणसे ओढून काढली. रोगाची साथ खरी होती आणि रुग्ण वेगळे ठेवण्याची गरजही खरी होती. पण ज्याच्यावर उपचार करायचा त्याला माणूस न मानता उपचार केला की काय होते, त्याचा तो धडा आहे. २२ जूनच्या रात्री राणीच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांचा समारंभ याच गणेशखिंडीच्या बंगल्यात झाला. तिथून परतताना रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. शहर प्लेगने ओस पडलेले, आणि इथे बागेत दिवे लावलेले. वडाखाली बसल्याबसल्या ते चित्र डोळ्यांपुढे आले.

त्याच वर्षी त्याच पुण्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक मोकळी जागा होती. आमची एस.टी. सोलापूर रस्त्याने हडपसरवरून आली, तिथे ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणीत. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एक बाग फाटक लावलेली आणि एक मळा सर्वांना उघडा. १९४९ साली गव्हर्नरच्या घरात पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. आज त्या बागेत माझ्यासारखा धाराशिवचा म्हाताराही विनापरवाना चालू शकतो. मला हा बदल औषधशास्त्रातल्या एखाद्या शोधाइतका मोठा वाटतो.

कारण गव्हर्नरसाहेबांचे निदान चुकले होते, पण जागेची निवड चुकली नव्हती. झाडीत राहणाऱ्याला बरे वाटते हे खरेच आहे; कारण वेगळे आहे इतकेच. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी निघाला, बसून गाडी हाकणाऱ्यांत जास्त. (ड्रायव्हर मुळातच जाड्या कंबरेचे भरती होत होते की काय, असा प्रश्न निघाला तेव्हा मॉरिस यांनी गणवेशांची मापेही तपासली, ती खरोखरच मोठी निघाली! शास्त्र असे स्वतःला टोकत पुढे जाते.) अमेरिकेत रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, ज्यांना विटांची भिंत दिसे ते ८.७० दिवसांत. झाडे पाहणाऱ्यांना वेदनेच्या जहाल औषधांची गरजही कमी लागली. रुग्ण थोडे होते, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये; पण आपल्याकडे दवाखाना बांधताना खिडकीतून काय दिसेल हा विचार होतो का, हे वाचकांनी आठवून पाहावे. माझ्या स्वतःच्या दवाखान्याची खिडकी शेजारच्या पत्र्यावर उघडते.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरले तरी साखर कमी चढते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे सगळे आता शहरातलेच आहेत या भ्रमात कोणी राहू नये.

बागेचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. विद्यापीठात दोघे-तिघे गृहस्थ दवाच्या हिरवळीवर अनवाणी चालत होते. चष्म्याचा नंबर उतरतो, असे त्यांतल्या एकाने मला आपण होऊन सांगितले. नंबर उतरत नाही. पायाला गार लागते, बरे वाटते, तेवढे खरे. ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः ज्यांच्या तळव्यांना मुंग्या येतात किंवा चपला पायातून निसटलेली कळत नाही, त्यांनी हिरवळीवरच काय, घरातल्या फरशीवरही अनवाणी चालू नये. काटा, काच, तापलेला दगड, काहीही कळत नाही. चालायला निघताना मागे बंद असलेली पादत्राणे आणि सुती मोजे घाला, खिशात साखरेची पुडी ठेवा आणि घरी आल्यावर तळवे उजेडात तपासा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा घरच्या माणसाला पाहायला सांगा. आमच्या शिवणाऱ्या बाईंना हे मी नीट बसवून सांगितले ते बोट गेल्यानंतर.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर पुण्याची बाग पाहून आले आणि इथे कारंजी मागू लागले. नाही हो. आपल्या गावात नळाला पाणी किती दिवसांआड येते ते मी इथे लिहायला नको. दुष्काळी जिल्ह्यात हिरवळीला पाणी पाजणे मला पाप वाटते. गुलाबाचे वाफे, कातरलेली झुडपे, रंगीत दिव्यांचे कारंजे यांवर निधी खर्च झाला की दोन उन्हाळ्यांत तिथे वाळलेल्या काटक्या आणि कुलूप उरते. आपल्याला लागते ती सावली आणि वाट. लिंब, करंज, चिंच, वड ही झाडे पहिली दोन-तीन वर्षे जगवली की पुढे आपली आपण उभी राहतात. त्यांच्याखालून एक सपाट मुरमाची वाट, दोन माणसे शेजारी चालतील इतकी रुंद. पहाटे आणि दिवेलागणीला उजेड. बसायला चार दगड, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. शेवटची गोष्ट नसेल तर बायका येत नाहीत, हे आराखडे करणारे पुरुष नेहमी विसरतात.

बाग आणि पाणी यांची जाण आपल्याकडे नव्हती असे नाही. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल आठवा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात दालन काढले आहे, वरून पाणी पडते आणि आत माणूस कोरडा, गार बसतो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातले, १६१३ सालचे हे काम. इटलीतल्या कारंजेवाल्यांनीही वाकून पाहावे असे. पुण्याहून आल्यावर एका रविवारी मुद्दाम जाऊन आलो. किल्ला एवढा विस्तीर्ण की एक फेरी मारली तर आठवड्याच्या व्यायामाचा मोठा हप्ता फिटावा. बहुतेक मंडळी गाडीतून उतरली, धबधब्यापुढे फोटो काढले, भजी खाल्ली आणि गाडीत बसली. मीही भजी खाल्ली, खोटे कशाला बोलू. पण वर्षातून एकदा नळदुर्ग पाहून साखर उतरत नाही. वाट रोज लागते आणि घरापासून दहा मिनिटांवर लागते.

अशा जागा कागदावर असतात. गावाच्या विकास आराखड्यात उद्यान, खेळाचे मैदान, मोकळी जागा अशी आरक्षणे दाखवलेली असतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा, त्याच्या कलम १२७ अन्वये आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीतही काही झाले नाही तर आरक्षण संपते. मालकाचीही जमीन कायमची अडकून राहू नये, हे न्याय्यच आहे. पण म्हणूनच आपण झोपलो तर बाग कागदावरूनही जाते. नगर परिषदेत आराखडा पाहायला मिळतो. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, जिथे राहत असाल तिथे आपल्या प्रभागातले हिरवे चौकोन कोणते, तिथे आज काय उभे आहे, हे एकदा दोघा-चौघांनी जाऊन पाहून यावे. सोबत निवृत्त शिक्षक असला तर उत्तम; त्यांना नकाशा वाचता येतो आणि वेळही असतो.

मीही परतल्यावर एवढेच केले. बाईंच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर एक शाळा आहे. मैदान मोठे, कडेने दहा-बारा लिंबाची झाडे, कुंपणाची भिंत पक्की. कुत्री नाहीत, वाहने नाहीत. सकाळी शाळा भरेपर्यंत फाटकाला कुलूप. मुख्याध्यापकांना भेटलो. चहा पाजला, बोलणे ऐकून घेतले. त्यांची अडचणही खोटी नव्हती: कोणी पडले-झडले तर जबाबदार कोण, घाण झाली तर झाडणार कोण, आणि कुलूप उघडायला साडेपाचला शिपाई येणार कसा. संस्थेच्या समितीपुढे ठेवा म्हणाले. मी अर्ज दिला आहे. पहाटे साडेपाच ते सात एवढाच वेळ मागितला आहे, किल्ली घेऊन जायला-यायला गल्लीतल्या दोन निवृत्त माणसांची नावे त्यांच्या संमतीने दिली आहेत, झाडण्याची पाळी बायकांनी आपण होऊन वाटून घेतली आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.

बाई परवा मलमपट्टीला आल्या होत्या. जखम भरत आली आहे. बंद बूट घालून सावकाश चालायला अजून पंधरा दिवस थांबा म्हणालो. चिठ्ठी लिहिताना त्या वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्या टायमाला खालची वळ लिहिली न्हाई तुमी." मी म्हणालो, "बैठक होऊ द्या, मग पत्त्यासकट लिहितो."